वजा केलेली जागा

काकूच्या पुढच्या खोलीला रंग किती लागेल, याचा अंदाज घ्यायला पेंटर चाचा आले, तेव्हा फितीचं दुसरं टोक मी धरलं होतं. चुलत बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते. चारी भिंतींची लांबी, गुणिले उंची, त्यातून दार अन् खिडकी वजा. शिवाय या खोलीत दरसाल छतापर्यंत कापूस भरलेला असायचा.

"अशी भिंत रंग लय पिते," चाचा म्हणाले. "थोडा ज्यादा धरा लागते."

"अन् एवढी जागा वजा करा," काकू म्हणाली.

तिनं भिंतीवरचा तेलकट डाग दाखवला. काका तिथं डोकं टेकून बसायचे. बीटी कापसाला अळी लागतच नाही, असं छातीठोकपणे सांगून त्यांनी अर्ध्या वडनेर गावाला ते बियाणं घ्यायला लावलं होतं. पुढं एका साली बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निघायला लागली. लोक यायचे, किडकी बोंडं आमच्या ओट्यावर ठेवून जायचे. मग एक दिवस काका शेगावला दर्शनाला म्हणून गेले, ते आलेच नाहीत.

भावकी म्हणे, किती वाट पाहायची? मलाही तसंच वाटे. आशेवर जगणाऱ्यांचा मला रागच येतो.

"काकू, पाहुण्यायले दिसन ना तो डाग," मी म्हणाले.

"अन् हे आले त टेकतीन कुठं?"

चाचांनी फितीनं डाग मोजला अन् वजा केला.

पाहुणे आले तोवर रंग केव्हाच वाळला होता. मुलाचे वडील नेमके त्याच भिंतीशी बसले आणि मागं टेकणार, तोच काकू लगबगीनं म्हणाली, "तिथं नका टेकू, भाऊ. ओलं हाये."

मला हसू आलं. तिथं तर रंग लावलाच नव्हता. पाहुणे गेल्यावर काकूला चिडवायला म्हणून मी डागावर हात ठेवला.

बोटं ओली झाली. काकांच्या आवळ्याच्या तेलाचा वास आला. ते गेल्यापासून ते तेल घरात आलं नव्हतं. मी घाबरले, आणि लाज वाटावी इतकी आशा वाटली.

"मी सांगतलं होतं ना, ओलं हाये म्हून," काकू म्हणाली. तिनं पदरानं माझी बोटं पुसली, आणि तो पदर नाकाशी धरून उभी राहिली.