झेंडूचे राखणदार

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्यानं कळवते की, धाराशिवातल्या आमच्या घरामागच्या बागेत गेल्या पितृपक्षात भरदिवसा कत्तल झाली, आणि ती करणारा इसम अजूनही माझ्या हातच्या गरम भाकरी खातो आहे.

झालं असं की, फवारलेली फुलं देवीला नकोत म्हणून मी झेंडूवर औषध मारणं बंद केलं आणि सासूबाईंना शब्द देऊन बसले: यंदा घटाला एकही माळ बाजारच्या फुलांची चढणार नाही. मग अळ्या आणि मावा कोण खाणार? कोळी! त्यांना जाळी विणायला रोपांमध्ये तुराट्या रोवल्या, बुडाशी वाळलं गवत पसरलं. महिन्याभरात बिऱ्हाडं आली. फुलीसारखे पाय ताणून बसणारी पट्टेवाली कोळीण आली, पानापानांवर उड्या मारणारे चिमुकले आले.

सगळ्यात मोठे भक्त आमचे हे. तुराट्या त्यांनीच रोवल्या. पाहुण्यांना चहाआधी बागेत नेऊन सांगायचे, हे आमचे बिनपगारी राखणदार. मी भाळले, दुसरं काय!

घट बसायच्या आधी घरातली जळमटं काढायची, ही आमच्याकडची रीत. सासूबाईंशी करार झाला होता की घरात एक जाळं दिसायचं नाही, बागेतल्याला हात लागायचा नाही. हे साक्षीला होते. त्या भरवशावर मी दोन दिवस ढोकीला माहेरी गेले.

परत आले तर बाग हजामत केल्यासारखी. तुराट्यांची मोळी भिंतीला टेकवलेली, गवत जाळलेलं, आणि बांबूला केरसुणी बांधून हे उभे, शाबासकीची वाट बघत. नणंद येऊन गेली होती. देवी यायच्या घरामागं ही जाळी कसली, एवढंच ती म्हणाली म्हणे. तेवढ्यावर इतक्या महिन्यांची भक्ती संपली. वर मलाच सांगतात, "अगं, तुझंच काम हलकं केलं."

मी हसून त्यांना गरम भाकरी वाढली. माझ्या बाबतीत हे फार भयानक लक्षण आहे.

माळा सुरू झाल्या. तिसरीपर्यंत कशीबशी फुलं पुरली. चौथ्या दिवशी परडी घेऊन गेले तर देठ माव्यानं काळे पडलेले, कळ्या अळ्यांनी आतून पोखरलेल्या. सगळी रोपं पालथी घातली, धड फुलं निघाली सात. सासूबाईंना दिलेला माझा शब्द त्या सात फुलांसकट परडीत पडला होता.

तेवढ्यात हे बाजारातून झेंडूची पिशवी घेऊन आले. चोरासारखे, मागच्या दारानं. सासूबाई घटासमोर सुईदोरा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पिशवीकडं पाहिलं, माझ्या परडीकडं पाहिलं. आता माझी खरडपट्टी निघणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्या वळल्या लेकाकडं, आणि देवीसमोरच म्हणाल्या,

"कोळी हाकललेस न्हवं? मग आता त्यांच्या जागी तूच जाऊन बस झाडावर."