तिसरी सवारी

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त खोडून काढायला वाचत आले. कोणाच्या स्वयंपाकघरात भांडी वाजली की खाली माझी प्रतिक्रिया ठरलेली — "उंदीर असेल, पिंजरा लावा." काही जणांना माझं नाव आठवत असेल. त्यांनी आता मला हवं ते बोलून घ्यावं... मी उलट बोलणार नाही.

मी इंदूरची, सुदामा नगरात राहते. बाबा मिलमध्ये होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे, हिंदीतून आणि मराठीतून. पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. त्यातलं एक मला अजून पाठ आहे : मेलेल्याच्या नावाने पानं वाढू नका, उपाशी माणूस दारात आहे. श्राद्ध, पितर, कावळा — हे सगळं आमच्या घरात कधी नव्हतंच.

मोठी झाल्यावर मीही पत्रकं काढली. पहिलं ऑटोवाल्यांवर. आमच्या शहरात ऑटोला मीटर असतो, पण त्याच्यावर फडकं वाळत घातलेलं असतं. तुम्ही जागा सांगता, तो दुसरीकडे बघत म्हणतो, "उधर नी जाना." गेलाच तर माणशी भाव सांगतो, म्हणजे जितक्या सवाऱ्या तितके पैसे. मोबाइलवरून बोलावला तर आधी फोन करून विचारतो कुठे जायचंय, आणि ऐकून रद्द करतो. मी राजवाड्याच्या स्टँडवर उभी राहून पत्रकं वाटली. प्रत्येक नकारावर भांडले, प्रत्येक रुपयावर भांडले. बाबांनी पत्रक वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "लिहिलंयस झकास. पण तो मालक नाही गं, तोही सवारीच शोधत फिरतोय." मी म्हटलं, "तत्त्व म्हणजे तत्त्व, बाबा."

आई त्यानंतरच्या थंडीत गेली. ताप आला, न्यूमोनिया झाला, आणि आठवड्याच्या आत संपलं.

मागच्या पितृपक्षात एका सकाळी बाबा चहा पिता पिता म्हणाले, "नवमीला सवाष्ण जेवायला बोलवायची आहे. तुझ्या आईच्या नावाने."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. नवरा असताना गेलेल्या बाईसाठी पितृपक्षातल्या नवमीला एका सवाष्णीला जेवू घालतात. अविधवा नवमी म्हणतात तिला. बोलावलेली बाई त्या दिवशी गेलेल्या बाईच्या जागी जेवते. तिला घरून मानाने आणायचं, ओटी भरायची, आणि ती जेवेपर्यंत घरात कोणी घास घ्यायचा नाही.

मी पेटलेच. "तुम्ही? बाबा, तुम्ही हे बोलताय? आणि नाव तरी ऐका — अविधवा! म्हणजे नवऱ्याच्या आधी मेली म्हणून तिला जेवण, आणि मागे राहिली असती तर?"

"तर तिने माझं केलं असतं, नसतं... नाव बदल तुला हवं तर," बाबा म्हणाले. "जेवण नको बदलू."

"तुमचंच पत्रक आहे, बाबा!"

"आहे ना. कुठे नाही म्हणतोय?" त्यांनी कप खाली ठेवला. "रोज वाटतं ती उपाशी आहे. पत्रकात याच्यावर काही लिहिलं नव्हतं मी. नंदाला घेऊन ये, आणि फालतू की बहस नको करूस."

नंदा मावशी म्हणजे आईची शाळेपासूनची मैत्रीण, राहते नारायण बागेत. गुडघ्यांमुळे तिला माझ्या स्कूटरवर बसता येत नाही, म्हणून ऑटो. नवमीच्या दिवशी सकाळी निघाले तेव्हा बाबा खीर ढवळत होते. खाली लागल्याचा वास जिन्यापर्यंत येत होता.

मावशी हिरवी साडी नेसून तयारच होती. मला म्हणाली, "चेहरा का असा केलायस गं? जेवायला मी येत्येय, शिक्षा तुला झाल्यासारखी."

खाली ऊन रणरणत होतं. कोपऱ्यावर एक ऑटो उभा होता. मी सुदामा नगर म्हटलं.

"तीन सवारी? एक सौ बीस," तो म्हणाला.

"दो हैं, भिया."

त्याने मान वाकडी करून आमच्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे. "तो वो नी जा रहीं?"

मागे इस्त्रीवाल्याची टपरी होती. तिथे कोणी नव्हतं. मला वाटलं, नवीन डाव आहे. म्हटलं, "मीटर से चलो." त्यावर त्याने ऑटो सुरू केला आणि "रेन दो मैडम" म्हणून निघूनही गेला.

मोबाइलवरून बोलावलेल्याने नेहमीप्रमाणे फोन केला आणि रद्द केलं. आम्ही मुख्य रस्त्यापर्यंत चालत आलो. मावशी दोनदा थांबली. तिथे दुसरा ऑटो आला, उलट्या दिशेने येऊन वळलेला. त्याने पहिल्याला पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. तो म्हणाला, "तीन जनी हो तो डेढ़ सौ लगेंगे. अम्मा को बिठाओ पहले, धूप में खड़ी हैं."

मी समजले मावशीलाच अम्मा म्हणतोय. पण मावशी तर झाडाच्या सावलीत होती.

"तीन कहाँ दिख रही हैं आपको?" मी सरळ पर्समधून माझं ऑटोवाल्यांवरचं पत्रकच काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते न वाचताच परत केलं. म्हणाला, "झगड़े की सवारी नी बिठाता सुबे-सुबे." आणि गेला.

मावशी म्हणाली, "अगं दे ना मागतोय ते. बाबा उपाशी बसलेत तिकडे."

"मावशी, दोन माणसांचे तीन कसले द्यायचे? उद्या चार म्हणतील."

तिसरा ऑटोवाला म्हातारा होता, मेंदी लावलेली दाढी. "तीस-तीस रुपे. तीन के नब्बे," तो म्हणाला. भाव खरं तर चांगला होता. पण तो तीन आकडा कानात जाताच माझं डोकं फिरलं. "दो के साठ. जाना हो तो बोलो." त्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "बैठो तो सही."

मावशी एका टोकाला बसली, मी दुसऱ्या टोकाला. मध्ये जागा राहिली. मला वाटलं, तिने पिशवीसाठी सोडली असेल. पिशवी तिच्या मांडीवरच होती, हे नंतर लक्षात आलं.

महू नाक्याच्या सिग्नलला ऑटो थांबला. म्हातारा आरशात बघून शांतपणे म्हणाला, "उतरते बखत नब्बे दे देना बेटा. तीन बैठी हो, मैं झूठ नी बोल रिया."

आणि मी ओरडले. आजूबाजूचे दुचाकीवाले वळून बघायला लागले इतकी ओरडले. तुम्ही लोक लुटता, म्हाताऱ्या बाईला उन्हात उभं करता, आज घरी कोण उपाशी आहे तुम्हाला काय माहीत... असं सगळं. मावशी माझा हात धरत होती, तो मी झटकला. आणि शेवटी म्हटलं —

"कौन तीसरी? कोई तीसरी नहीं है हमारे साथ! और है, तो उतार दो उसको. यहीं उतार दो. मैं उसका एक पैसा नहीं दूँगी!"

सिग्नल सुटला. म्हाताऱ्याने सरळ जायच्या ऐवजी ऑटो डावीकडे कडेला घेतला आणि थांबवला. मागे वळला नाही. एखादी वयस्कर बाई दांडा धरून, साडी सावरून उतरायला जेवढा वेळ घेते, तेवढा वेळ थांबला. मग ऑटो किंचित हलला. कोणी उतरलं की मागची बाजू जशी वर येते, तशी. मी स्वतःला सांगितलं, इंजिनचा धक्का.

घरासमोर उतरले आणि... मला माझीच लाज वाटायला लागली होती, भांडणाची, मावशीच्या चेहऱ्याची. मी नव्वद रुपये पुढे केले. म्हाताऱ्याने तीस परत दिले.

"रख लो, चाचा. हो गया झगड़ा."

"काय के? दो ही तो हो," तो म्हणाला. "वो तो म्हू नाके पे उतर गईं. आपने ही बोला था."

मी विचारलं, कशी होती. तो म्हणाला, "अब भीड़ में कौन देखता है, बेटा. छोटे कद की थीं. जब से आप चिल्लाने लगीं, तब से पल्लू मुँह पे रख लिया था उन्होंने."

आई असंच करायची. मी बाजारात, बँकेत, ऑटोत, कुठेही भांडायला लागले की ती पदर तोंडावर धरायची आणि भांडण संपायच्या आत उतरून चालायला लागायची. मला त्याचा राग यायचा. मी तिला म्हणायचे, तुझ्यासारख्या बायकांमुळेच यांचं फावतं.

वर बाबांनी पान वाढून ठेवलं होतं. पुढे पाट, पाटाभोवती वेडीवाकडी रांगोळी. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काढली असणार. मावशी बसली. तिने सगळं संपवलं, लागलेली खीरसुद्धा मागून घेतली. बाबा समोर उकिडवे बसून प्रत्येक घासाकडे बघत होते. ज्यांनी ते पत्रक लिहिलं त्यांनी शेवटी हळूच विचारलं, "नंदा... पोचलं ना गं तिला?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत होते.

"पोचलं भाऊजी," ती म्हणाली. "पोटभर जेवली."

बाबांनी डोळे पुसले आणि मग कुठे स्वतःचं ताट घेतलं.

संध्याकाळच्या आत मावशीला परत सोडायला गेले तेव्हा तिला विचारलं, तुला काही दिसलं होतं का. म्हणाली, "नाही गं. मला काय दिसायचंय? जागा मी सवयीने सोडली, आपण तिघी निघालो की तुझी आई मध्ये बसायची म्हणून. पण तू 'उतार दो' म्हणालीस ना, तेव्हा ती मधली जागा मला एकदम रिकामी वाटली." मग म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. पाप लागलं तर मला लागू दे."

परत येताना मी महू नाक्यावर उतरले. जिथे म्हाताऱ्याने ऑटो कडेला घेतला होता तिथे उभी राहिले. काय करायचं ते कळत नव्हतं. पत्रकं वाटताना शेकडो लोकांसमोर बोलले आहे मी. शेवटी "चल आई" एवढंच म्हटलं आणि एका ऑटोवाल्याला हात केला.

"सुदामा नगर. दो सवारी."

तो माझ्या मागे बघायला लागला. मी त्याच्या चेहऱ्याकडे. कोणाच्याही चेहऱ्याकडे मी इतक्या आशेने कधी पाहिलं नाही.

"दूसरी कां है?"

"आ रही हैं."

त्याने इंजिन बंद केलं. थांबला बिचारा. मग म्हणाला, "दीदी, कोई नी आ रिया. आप अकेली हो. बैठ जाओ."

"पैसे दोघींचे घ्या भिया," मी हिंदी विसरून मराठीत म्हटलं. त्याला समजलं असावं. "पागल हो क्या," तो म्हणाला, पण प्रेमाने म्हणाला. मी एका टोकाला सरकून बसले.

मी सगळ्या शक्यता तपासल्या आहेत. तिघांचं संगनमत म्हणावं, तर तिघांना एकमेकांची माहिती असायचं कारण नाही. लबाडी म्हणावी, तर म्हाताऱ्याने तीस रुपये परत का दिले? ऊन लागलं असेल, तर पदराचं त्याला कोणी सांगितलं? इथे मी इतरांना जी उत्तरं देत आले ती सगळी स्वतःला देऊन पाहिली. एकही टिकत नाही. भूतंखेतं मी अजूनही मानत नाही. पण त्या दिवशी मी कोणाला तरी खाली उतरवलं, हे मला खरं वाटतं, आणि त्याचं मला काहीही करता येत नाही.

नवमी परत आली आहे. बाबांनी मावशीला निरोप दिलाय. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

आताशा मी भाडं ठरवताना किती जण ते सांगतच नाही. नुसतं "कितना लोगे?" विचारते आणि तो किती सवाऱ्या मोजतो ते ऐकत उभी राहते. आजवर प्रत्येकाने एकच मोजली.