तीन दश्श्या आणि गळ्यातला पट्टा

बिबट्या आधी मान धरतो. म्हणून येडगावच्या आमच्या बाजूला उसात जाताना आता माणसं गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. आम्ही सगळे धनगराच्या कुत्र्यांसारखे दिसतो, पण त्यावर आता कुणी हसत नाही.

त्या दुपारी मी आणि माझे चुलते पाण्याच्या मोटारीच्या खोलीत लाईटची वाट बघत तीन पत्ती खेळत होतो. पैसे नव्हते, भुईमुगाच्या शेंगा लावायचो. माझा खेळ शिस्तीचा. पानं वाईट आली की पॅक, चांगली आली की चाल. काका चिडवायचे, "खेळतुयास झ्याक, पर किती लावायचं ते तुला कळत न्हाई." हरणाऱ्याचं बोलणं म्हणून मी ते सोडून द्यायचो.

मग मला तीन दश्श्या आल्या, म्हणजे जवळजवळ न हरणारी पानं. मी वाढवत गेलो, काकाही वाढवत गेले आणि दोघांच्या शेंगा संपल्या. काका ईर्षेला पेटले की मागे हटत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी गळ्यातला पट्टा काढून शेंगांवर ठेवला. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि आपलाही काढून ठेवला. शो केला. त्यांच्याकडे एकाच रंगाचे राजा, राणी, गुलाम. मी आनंदानं ओरडलोच.

तेवढ्यात लाईट आली. पाणी वळवायला काकांनी खोरं उचललं.

"काका, पट्टा घ्या."

"त्यो तुझा हाय आता," म्हणाले, आणि मोबाईलवर भजन लावून उसात शिरले. उसात आवाज करतच जायचं असतं.

भजन आत आत गेलं आणि मध्येच बंद झालं. वारा अजिबात नव्हता. तरी उसाचे चार शेंडे हलले, थांबले, मग जरा अलीकडचे हलले. मी हाक मारली. एक पट्टा गळ्यात अडकवून, दुसरा हातात घेऊन मी सरीत शिरलो.

काका पाठमोरे उभे होते. मोबाईल त्यांनीच बंद करून मुठीत धरला होता. मागे न बघता त्यांनी पंजा उघडून मला थांबवलं. समोर नुसता पाला. वास मात्र होता, उग्र, ओल्या केसांचा. सरीतलं पाणी आमच्या पावलांवरून पुढे गेलं आणि पाल्याखाली दिसेनासं झालं. मग तिथून पाणी पिण्याचा आवाज आला. लप, लप, अगदी सावकाश.

किती वेळ गेला कोण जाणे. आवाज थांबला आणि शेंडे हलत हलत लांब गेले. मी काकांच्या मानेला पट्टा बांधला. त्यांची मान घामानं गार पडली होती.

बांधावर येऊन ते खाली बसले. म्हणाले, "तीन दश्श्या हातात व्हत्या. जिंकणार हे तुला ठावं व्हतं ना?"

"हो."

"मंग तुझं तर काय जाणारच नव्हतं. लावलास तो माझा पट्टा."