पडद्यावरची पुराची रेघ

आमच्या कसबा बावड्याच्या हौशी मंडळाची नाटकं मोजून चार, पण किस्से पोतंभर. त्यातले निम्मे एकट्या पुराच्या वर्षातले. समोर चहा आला की कुणीतरी सुरू करतंच.

*

पूर चढला तेव्हा नदीकाठची माणसं शाळेत राहायला आली. आम्ही जेवण वाढायला होतो. आमचे दिग्दर्शक देसाई सर म्हणाले, "यांना जरा नाटक दाखवूया."

समोर अक्का बसल्या होत्या. त्यांची चंद्री म्हैस पुरात गेलेली. त्या म्हणाल्या, "मास्तर, आधी सतरंज्या आणा. वल्ल्या फरशीवर बसून कोण हसंल?"

सरांनी मुकाट्यानं सतरंज्या आणल्या. पहिल्या रांगेत अक्काच होत्या.

*

नाटकात मी गावचा पाटील. कपड्यांची पेटी पाण्यात, म्हणून मदतीच्या ढिगातली पॅन्ट घातली. ती नडगीपर्यंतच आली. मी रुबाबात एन्ट्री घेतली आणि मागून आवाज आला, "पाटील, हितं पाणी न्हाई. पॅन्ट सोडा खाली!"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती शाळा हसली. माझा डायलॉग कुणी ऐकला नाही, पण मला फार बरं वाटलं.

*

हसले नाहीत ते फक्त आमचे पडदे रंगवणारे आण्णा. त्यांचं घर पडलं होतं. सरांनी नवा ब्रश दिला, तर म्हणाले, "घर काढायला गेलो की हात थांबतोय."

त्यांना डिवचायला म्हणून मीच पुठ्ठ्यावर एक झाड रंगवलं. आण्णांनी पाहिलं. "हे झाड हाय का कोबी?" एवढंच बोलले आणि कुशीवर वळले. हा माणूस आता ब्रश धरत नाही, या विचारानं मला रडू आलं.

*

पाणी ओसरल्यावर मंडळाच्या खोलीत आण्णांचाच जुना पडदा सापडला. त्यावर माडीचं घर, आणि घरावर आडवी चिखलाची रेघ, पार माडीपर्यंत. लोक घरी परतण्याच्या आदल्या दिवशी तो आम्ही शाळेत टांगला, आणि ती रेघ रंगवून झाकायला मी ब्रश घेतला.

"टाकून द्या," आण्णा म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," अक्का उठल्या. "रेघंच्या वर, माडीत, माझी चंद्री काढा."

"अक्का, म्हस माडीवर कशी चढंल?"

"पाणी चढलं, तवा कुणी इचारलं?"

आण्णा उठून पडद्यापाशी आले. मग माझ्या हातातला ब्रश ओढून घेत म्हणाले, "शिंगं कशी होती तिची?"