हैबतरावांचं भूगावातलं काम

नांदे गावात हैबतरावांची दारू कुणापासून लपलेली नव्हती, आणि लपवायचा त्रास त्यांनीही कधी घेतला नाही. माणूस दिलदार. पिऊन झाली की वाटेत भेटेल त्याला जेवायला घरी घेऊन यायचे आणि स्वतः ओट्यावरच आडवे व्हायचे. मग त्यांची बायको तुळजाबाई त्या पाहुण्याला वाढता वाढता नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. पाहुण्यांनाही सवय झाली होती, ते भाकरी संपेपर्यंत मान डोलवायचे.

त्यांच्याच खोल्यांमध्ये भाड्यानं राहणारी गौतमी दवाखान्यात नर्स आहे. ती एकदा म्हणाली, "मावशी, भूगावात दर गुरुवारी दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरते. औषध नाही, फी नाही. नुसतं बसायचं आणि बोलायचं."

"बोलायला तर ह्यांना अख्खा तालुका पुरत न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. "धाडते."

आणि गंमत बघा, हैबतराव गेले! पण अट घालून. गावात कुणाला कळता कामा नये. आता बोला! उभं आयुष्य चारचौघांत झिंगले, तेव्हा लाज काय गुरं राखायला गेली होती? पण पिणं मर्दाचं आणि सोडायला मदत मागणं दुबळ्याचं, असं त्यांच्या डोक्यात घट्ट बसलेलं. आमच्याकडं बहुतेकांच्या बसलेलं असतं.

मीटिंग एका बालवाडीच्या खोलीत भरायची. भिंतीवर ससे-कासवं, आणि बसायला पोरांच्या मापाच्या चिमुकल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. पहिल्या दिवशी हैबतराव उभे राहिले आणि नाव, वडिलांचं नाव, गाव, भावकी, सगळं सांगून मोकळे झाले. जमिनीचा गट नंबर तेवढा राहिला. मीटिंग चालवणारे प्रदीप सर हसून म्हणाले, "इथं नुसतं नाव पुरतं." हैबतरावांचा विश्वास बसेना. आमच्या मुळशी तालुक्यात 'कुणाचे तुम्ही, गाव कोणतं' विचारल्याशिवाय सोयरीक सोडा, कुणी रस्तासुद्धा सांगत नाही. इथं मात्र आडनाव न विचारता चहा मिळाला, आणि तोही बरा होता.

दोनदा घसरले, दोनदा परत गेले, आणि दिवाळीच्या सुमारास दारू खरोखर सुटली. तोंडावर तजेला आला. गुरुवारी दुपार कलली की इस्त्रीची पांढरी कापडं घालून स्वारी मोटारसायकलवर निघायची. कुणी हटकलं तर एकच उत्तर, "भूगावात काम हाय जरा."

झालं! नांद्यातला माणूस पांढऱ्या कपड्यात, वर शुद्धीवर, दर आठवड्याला जमिनीच्या एजंटांनी भरलेल्या भूगावला जातो म्हणजे तो जमीन विकतोय, याबद्दल गावात दुमत होईना. एजंट घरी चकरा मारायला लागले. ओढ्याकाठच्या वावराचा सौदा पारावर ठरूनही गेला.

ते वावर दोघा भावांचं, अजून न वाटलेलं. धाकटा शंभू अबोल, कामसू. त्याच्या हातात कधी कुणी ग्लास पाहिला नव्हता. त्यानं आधी बोलणं टाकलं, मग एका सकाळी दारात येऊन सांगितलं, "दादा, सोमवारी वकिलाकडं चाललोय. वाटणी करून टाकू. तुझा तू, माझा मी."

आईमागं शंभूला हैबतरावांनीच खांद्यावर वागवलेलं. खरं सांगावं तर लाज जाते, न सांगावं तर भाऊ जातो.

"अवो, सांगून टाका की," तुळजाबाई करवादल्या. "दारू सोडली, चोरी न्हाई केली." पण हैबतरावांची जीभ रेटेना. गुरुवारी ते नेहमीसारखे निघाले.

त्या दिवशी शंभू मागावर होता. बालवाडीच्या दारात दादाची गाडी दिसली तसा तो तणतणत आत शिरला. आत दहा-बारा माणसं गोल करून बसलेली. ही बिल्डरचीच माणसं, असं त्यानं धरलं. "कागद कुटं हायेत?" तो गरजला.

प्रदीप सरांना वाटलं, नवा माणूस बावरलाय. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. "कागद काही लागत नाहीत. बसा, चहा घ्या. पहिल्या दिवशी सगळे असेच येतात." आणि अंगानं दांडगा शंभू काही न सुचून त्या पोराच्या खुर्चीत बसला. कुणीतरी त्याच्या हातात कप दिला.

हैबतराव उठले. "मी हैबतराव. मी दारुडा हाय. दिवाळीपासनं घेतली न्हाई. ह्यो माझा भाऊ. त्याला वाटतंय मी वावर विकतोय. मी हितं येतोय हे त्याला सांगायची मला लाज वाटली." त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "त्या लाजंपायी भाऊ घालवत हुतो मी."

शंभूनं कप खाली ठेवला. "तुम्हाला काही बोलायचंय?" प्रदीप सरांनी विचारलं. "सक्ती नाही."

शंभू उठला, तर अडकलेली खुर्चीही त्याच्यासंगं उठली. खोलीत हशा पिकला, हैबतरावही रडता रडता हसले. शंभूनं खुर्ची सोडवली, नीट खाली ठेवली. तो हसला नाही.

"मी शंभू," तो म्हणाला. "माझी बाटली ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समधी असती. रोज लागती. बायकोला बी ठावं न्हाई."

शंभूनं खुर्ची उचलून हैबतरावांच्या शेजारी आणली आणि खाली मान घालून बसला. "सोमवारी जात न्हाई मी वकिलाकडं," तो हळूच म्हणाला. "दादा, पुढच्या गुरुवारी माझ्याबिगर निघू नगंस."