चांगल्या घरातली माणसं

कुणाला काय विचारावं याचा पाचपोच नसलेला माणूस अख्ख्या धारवाडात एकच, तो म्हणजे मळमड्डीतले आमचे शेजारी डॉक्टर. जिल्ह्यातले एचआयव्हीचे रुग्ण किती उशिरा सापडतात याच्या नोंदी ठेवण्यात त्यांची सरकारी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर तोंडाचा पट्टा सुटला. मुंजीच्या पंगतीत शेजारच्या तहसीलदारांना म्हणाले, "एचआयव्ही टेस्ट माडिसीरेनु? केलीय का कधी? नाही? मग करून घ्या, थोडं रक्तच द्यायचंय." तहसीलदारांना भाताचा ठसका लागला. डॉक्टरांनी त्यांच्यापुढं पाणी सरकवलं आणि तोच प्रश्न त्यांच्या बायकोला विचारला.

मी एकदा झापलंच, "अहो, चांगल्या घरातली माणसं ही." झालं, भडकले. "या चांगल्या घरांनीच वाट लावलीय. ट्रक ड्रायव्हर आला की डॉक्टर बेधडक तपासणी लिहितो. वकीलसाहेब आले की मलेरिया, टायफॉइड, थायरॉइड सगळं बघतो, तेवढं एक सोडून. का, तर साहेबांना काय वाटेल! जन्मभर मी आजार नाही मोजला, उशीर मोजला."

हे वकीलसाहेब म्हणजे त्यांचे थोरले बंधू, अण्णा. लपवायचं नाही असं अण्णांनीच बजावलंय, म्हणून लिहितो. त्यांच्या कमरेला नागीण उठली तेव्हा घरच्यांनी गेरू फासला. वजन उतरलं तर म्हणे साखर असेल. हुबळीतल्या नामांकित डॉक्टरांना दाखवून झालं, पण सरकारी दवाखान्यात फुकट होणारी तपासणी कुणाला सुचली नाही. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा कुठं एका नवख्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीचं विचारलं, आणि एचआयव्ही निघाला. औषधांनी अण्णा वाचले, आता हिंडतात-फिरतात. दृष्टी मात्र गेली ती गेलीच. आणि नागीण उठली त्या दिवशी वाटीत गेरू कालवून देणारे आमचे डॉक्टरच होते. साऱ्या जिल्ह्याला विचारत सुटणारा हा माणूस, पण थोरल्या भावापुढं मान वर करून बोलायची त्यांच्या घरात पद्धतच नव्हती.

हल्ली ते रोज सकाळी हुबळीजवळ उणकलला अण्णांच्या घरी जाऊन अण्णांना पेपर वाचून दाखवतात. एकदा मीही बरोबर होतो. वाचन चालू असताना अण्णा सहज बोलावं तसं म्हणाले, "तू विचारलं असतंस, तर मी गेलो असतो रे तपासायला."

डॉक्टरांनी पान उलटलं. मग वाचायचं सोडून चष्मा काढून पुसत बसले.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"अक्षर फार बारीक आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग राहू दे. उद्या वाच."