शंभर खाटांचं रुग्णालय

ती दुपार आजही आठवते, आणि आठवली की आधी डोळ्यांवर झापड येते. पोलिसाने असं कबूल करू नये, पण आहे ते आहे. नोकरीत खून पाहिले, दंगली पाहिल्या. स्वप्नात मात्र अकोल्यातली ती लांबलचक पांढरी खोलीच येते.

मी तेव्हा तिथे ठाणेदार होतो. दिवाळी होऊन गेली होती. एरवी त्या दिवसांत कापूस वेचणाऱ्या मजुराला डोकं खाजवायला फुरसत नसते, पण त्या वर्षांत वावरंच ओस पडत चालली होती. आईबाप पोरांना सांगत, काहीही शीक, पण शेतीत राहू नको. त्या ‘काहीही’च्या जोरावर गल्लोगल्ली कॉलेजं उगवली. त्यातलंच एक नर्सिंगचं. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, नोकरीची हमी, स्वतःचं शंभर खाटांचं रुग्णालय.

तिथे दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी ठाण्यात आली. तेल्हाऱ्याच्या एका शिंप्याची लेक. अंगावरचा पांढरा गणवेशही बापानेच शिवलेला. हवालदाराला वाटलं छेडछाडीची तक्रार असेल, म्हणून त्याने पाणी दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली, “साहेब, आमच्या वॉर्डात एक आजी खरंच आजारी हाये.”

दवाखान्यात आजारी माणूस असायचंच, मी म्हटलं. बाकीचे कोण आहेत मग?

“बाकीचे झोपाले येतात.”

मग तिने सगळं सांगितलं. मान्यता द्यायची की नाही हे ठरवणारी नर्सिंग परिषदेची तपासणी दुसऱ्या दिवशी होती. तेवढ्यासाठी दोन-तीन दिवसांपासून मुकादम मजूर आणून खाटांवर निजवत होता. त्यांतली एक म्हातारी तापाने फणफणली होती, तिला धाप लागली होती. कॉलेजचे संचालक म्हणाले, उद्याची तपासणी होऊ दे, मग बघू. ही गोष्ट बाहेर गेली तर कॉलेज बंद पडेल आणि आपली दोन वर्षं पाण्यात जातील, हे पोरीला पक्कं ठाऊक होतं. तिला फक्त आजी दवाखान्यात पोचायला हवी होती. आपलं नाव कुठे लिहू नका म्हणाली.

स्टेशन डायरीत नोंद करून आम्ही निघालो. वॉर्डात पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबलो. वर पंखे संथ फिरत होते, पडद्यांतून पिवळं ऊन झिरपत होतं, आणि दोन्ही रांगांना माणसं गाढ झोपली होती. कुठून आली असेल इतकी झोप? उन्हात राबून राबून कित्येक वर्षांची साठलेली असणार. त्यांना उठवायचं माझ्या जिवावर आलं. शेवटी एकाला हलवून विचारलं, काय होतंय?

“आज मले पोटदुखी हाये. काल टायफाईड होता.”

कशाला आलास, म्हटल्यावर तो शांतपणे म्हणाला, “वावरात काम नाही, साहेब. इथं गादी भेटते.”

संचालक धावत आले. सगळे गंभीर रुग्ण आहेत, असं ते छातीठोकपणे सांगू लागले. मी मान डोलावली आणि हवालदाराला मोठ्याने हुकूम दिला: गंभीर आहेत ना, मग गाड्या बोलवा, सगळ्यांना सरकारी दवाखान्यात न्या, एकेकाला सलाईन आणि सुया लागतील.

वॉर्ड जागा झाला. माणसं उठून बसली, पायांनी खाटांखालच्या चपला चाचपल्या आणि निघाली. काहींनी जाताना चादरीच्या नीट घड्या केल्या. थोड्या वेळाने साऱ्या खाटा रिकाम्या झाल्या, कोपऱ्यातली एक सोडून. पोरगी तिथे आजीची नाडी धरून बसली होती.

आजीला आम्ही तातडीने हलवलं. ती वाचली.

गुन्हा मात्र उभा राहीना. संचालक चौकशीत निवांत होते. माहितीपत्रकाच्या मागे बारीक अक्षरांत ‘मान्यता प्रस्तावित’ छापलंय, विद्यार्थिनींनी विचारलंच नाही, असं त्यांचं उत्तर. त्यांच्या त्या निवांतपणाची मला अजून चीड येते. फसवणुकीच्या गुन्ह्याला फसलेला माणूस लागतो, आणि एकही मुलगी जबाब देईना. सगळ्या एकच सांगत होत्या, आम्हाला माहीत होतं, आमची तक्रार नाही. एक बाप हात जोडून म्हणाला, पोरीचं पूर्ण होऊ द्या, मग काय करायचं ते करा.

चार-पाच दिवसांनी शिंप्याची लेक पुन्हा आली. “लिहा माह्या नावानं,” म्हणाली.

कॉलेज बंद पडेल, याची मी तिला आठवण करून दिली. तिने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, “आजी शुद्धीवर आली तवा तिनं इचारलं, पोरी, तू नर्स हायेस ना? मले हो म्हणता नाही आलं, साहेब.”

फिर्याद दाखल झाली. मग इतर मुलींनाही धीर आला. कॉलेज बंद पडलं, संचालकांना शिक्षा झाली. तिची दोन वर्षं मात्र कोणी भरून दिली नाहीत. ती अमरावतीला जाऊन पुन्हा पहिल्या वर्षाला बसली. या वेळी आधी परिषदेच्या कार्यालयात मान्यतेची खात्री केली, मगच बापाने नवा गणवेश बेतला.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. फसलेला माणूसच पुष्कळदा फसवणाऱ्याची राखण करतो, कारण त्याची स्वतःची उमेद फसवणाऱ्याकडेच गहाण पडलेली असते. ती सोडून देऊन खरं बोलायला जी छाती लागते, ती आम्हा वर्दीवाल्यांत दरवेळी सापडली नाही.

आता स्वप्नात मी तोच हुकूम देतो. माणसं उठतात, चादरींच्या घड्या करतात, चपला घालून निघून जातात. कोपऱ्यातल्या खाटेपाशी ती पोरगी बसलेली असते. आजी विचारते, तू नर्स हायेस ना? आणि स्वप्नात ती हो म्हणते.